फेडररची ग्रिप, स्वियातेकची ग्रिप आणि साडेचार फुटांची लेक

प्रश्न असा आला आहे. राजेंद्र नगरातल्या एक ताई विचारतात: "मुलगी अकरा वर्षांची, उंची साडेचार फूट, दोन वर्षांपासून टेनिस खेळतेय. रॅकेट तिच्या मावसभावाची वापरते. नवे सर म्हणतात, हिची फोरहँडची ग्रिप वेस्टर्न आहे, मनगट जाईल, फेडररसारखी ईस्टर्न करून टाकू. जुने सर म्हणायचे, आजकाल सगळे असंच धरतात, राहू दे. मोठे खेळाडू नक्की कोणती ग्रिप धरतात? आणि आम्ही कुणाचं ऐकावं?"

ताई, दोन्ही सरांचं थोडं थोडं बरोबर आहे. पण एकाने फेडररचं नाव पुढे केलं, दुसऱ्याने "आजकालच्या सगळ्यां"चं, आणि या भांडणात तुमची साडेचार फुटांची मुलगी कुठेच दिसत नाही. मी इंदुरात अठ्ठावीस वर्षं टेनिस शिकवतोय. ज्यांच्या हातात पहिली रॅकेट दिली त्यांची मुलं आता माझ्याकडे येतात. एवढ्या काळात ग्रिपवरून जेवढे वाद ऐकले तेवढे पोह्यांवर जिरावण किती भुरभुरावं यावरूनही ऐकले नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रिप म्हणजे रॅकेट धरण्याची पद्धत, आणि आपला प्रश्न आहे फोरहँडचा, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायच्या फटक्याचा. आधी रॅकेटची मूठ नीट बघू. रॅकेटची मूठ गोल नसते, तिला आठ पैलू असतात. "अष्टपैलू" हा शब्द क्रिकेटवाल्यांनी पळवला, पण खरा हक्क आमच्या रॅकेटचा. रॅकेट अशी धरा की तिच्या तारांची जाळी जमिनीला काटकोनात उभी राहील आणि चौकटीची कड वर येईल. आता मुठीचा जो सपाट पैलू वर आलाय तो एक नंबरचा. मुठीच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजा: उजवीकडचा तिरपा दोन, उजवीकडचा सपाट तीन, त्याखालचा तिरपा चार, अगदी तळाचा पाच. आता लेकीला नेहमीसारखी रॅकेट धरायला सांगा आणि तर्जनीच्या मुळाचा सांधा कुठल्या पैलूवर टेकतोय ते बघा. दोनवर असेल तर कॉन्टिनेंटल, तीनवर ईस्टर्न, चारवर सेमी-वेस्टर्न, पाचवर वेस्टर्न. डावखुऱ्यांचं मोजणं आरशातल्यासारखं उलट होतं. त्यामुळे नदालचे फोटो बघून जे पालक आकडे लावतात ते हमखास चुकतात.

मुलांना मी आकडे सांगत नाही. हातोडी धरल्यासारखी रॅकेट धरली की कॉन्टिनेंटल. रॅकेटशी हस्तांदोलन केलं की ईस्टर्न. दांड्याचा तवा चुलीवरून उचलताना जशी मूठ आवळतो तशी आवळली की वेस्टर्न. हस्तांदोलन आणि तवा यांच्या मधली ती सेमी-वेस्टर्न. मुलांना हे दोन मिनिटांत कळतं. सांध्याच्या जोडीला आणखी एक खूण बघायची असते, करंगळीच्या बाजूची तळव्याची गादी. दोन खेळाडूंचा सांधा एकाच पैलूवर असतो, पण एकाची गादी थोडी खाली सरकलेली असते आणि तेवढ्याने फटका बदलतो. मोठ्या खेळाडूंच्या ग्रिपबद्दल जाणकारांत वाद होतात ते बहुतेक या अर्ध्या पैलूवरून. फेडररची ईस्टर्न की ईस्टर्नच्या जरा पुढची, जोकोविचची सेमी-वेस्टर्न की जवळजवळ वेस्टर्न, यावर तासभर बोलणारे लोक मला भेटले आहेत. मीही त्यातलाच एक आहे, पण तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

उपयोगाचं आहे ते पुढचं. चेंडू जाळीवर जेमतेम चार-पाच हजारांश सेकंद असतो. तेवढ्या क्षणाला जाळी जवळजवळ उभी हवी, फार तर किंचित खाली झुकलेली. आभाळाकडे बघत असेल तर चेंडू कुंपणापलीकडे, फार मिटली असेल तर नेटमध्ये. आता घरी एक प्रयोग करा. बंद दरवाज्यापुढे आडवं उभं राहायचं आणि कमरेच्या उंचीवर रॅकेटची जाळी दरवाज्याला सपाट टेकवून रेटायचं. हस्तांदोलनाच्या ग्रिपमध्ये हाताला जोर मिळतो, मनगट कुठे वाकत नाही. आता त्याच ग्रिपमध्ये जाळी खांद्याच्या उंचीवर टेकवून रेटा. मनगट कुरकुरेल, जोर निम्मा होईल. हाताची मूठ एक-दोन पैलू खाली फिरवा, रॅकेट थोडी पुढे न्या, आणि परत रेटा. खांद्याच्या उंचीवरही आता भक्कम वाटेल. मग तीच फिरवलेली मूठ घेऊन गुडघ्याजवळ जाळी सपाट टेकवायला जा. कोपर आणि मनगट अशी काही कसरत करतील की सगळं प्रकरण लक्षात येईल.

एवढंच आहे हो हे. प्रत्येक ग्रिपची एक आवडती उंची असते आणि अंगापासून पुढे एक आवडतं अंतर असतं. कॉन्टिनेंटलला चेंडू खाली आणि बाजूला हवा, ईस्टर्नला कमरेशी आणि थोडा पुढे, सेमी-वेस्टर्नला पोट ते छाती आणि आणखी पुढे, वेस्टर्नला खांद्यापर्यंत आणि चांगलाच पुढे. कुठल्या खेळाडूची कुठली ग्रिप हे विचारण्याआधी त्याला चेंडू कुठे भेटायचा हे विचारा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडतं.

नावंसुद्धा इथूनच आली आहेत. कॉन्टिनेंटल म्हणजे युरोप खंडातली, जिथे चेंडू फार उसळायचा नाही. ईस्टर्न ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. वेस्टर्न आली कॅलिफोर्नियातून, कारण तिथे सिमेंटची कोर्टं होती आणि चेंडू उंच यायचा. ही काही आजकालची फॅशन नव्हे. 'लिटल बिल' म्हणून ओळखला जाणारा बिल जॉन्स्टन लहान चणीचा होता, कॅलिफोर्नियात वाढला आणि वेस्टर्न ग्रिपने फोरहँड मारायचा. त्याने १९१५ आणि १९१९ ला अमेरिकेची आणि १९२३ ला विम्बल्डनची स्पर्धा जिंकली. लहान चण, सिमेंटचं कोर्ट, उंच चेंडू. ताई, हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग वेस्टर्न मागे का पडली? कारण चारपैकी तीन मोठ्या स्पर्धा १९७४ पर्यंत गवतावर होत्या, आणि गवतावर चेंडू घसरत, खाली राहत यायचा. लाकडी रॅकेट जड, तिचं डोकं लहान, वर घासत मारायला फारसा वाव नाही. रॉड लेव्हर, नंतर जॉन मॅकेन्रो, हे जवळपास सगळं कॉन्टिनेंटलने खेळले. मॅकेन्रो तर फोरहँड, बॅकहँड, व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारायचा फटका), सर्व्हिस कशालाच मूठ फिरवायचा नाही. आज तसं खेळणारा कुणी वरच्या पातळीवर टिकायचा नाही. स्वीडनच्या बोर्गने त्या काळातच मूठ खाली फिरवून टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी) मारायला सुरुवात केली आणि फ्रेंच ओपन सहा वेळा, विम्बल्डन पाच वेळा जिंकलं. पण लोकांनी त्याला अपवाद मानलं. पुढे अमेरिकन ओपन १९७५ ला मातीवर आणि १९७८ ला हार्डकोर्टवर, म्हणजे सिमेंटसारख्या कठीण कोर्टावर गेलं, ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ ला हार्डकोर्टवर आलं, रॅकेट ग्रॅफाइटच्या आणि मोठ्या डोक्याच्या झाल्या. १९९७ ला ब्राझीलचा कुर्टन कुणाच्या खिजगणतीत नसताना पॉलिएस्टरच्या गटिंगने, म्हणजे रॅकेटच्या तारांनी, फ्रेंच ओपन जिंकून गेला. पॉलिएस्टरच्या तारा चेंडूबरोबर सरकतात आणि झटक्यात परत जागेवर येतात, त्यामुळे फिरकी वाढते. फिरकी असली की जोरात मारलेला चेंडूही आत पडतो आणि पडल्यावर उंच उसळतो. समोरच्याला तो खांद्यावर मिळतो, म्हणून त्याचीही मूठ खाली सरकते. एकाने दुसऱ्याला असं सरकवत सरकवत सगळा खेळ सेमी-वेस्टर्नवर येऊन बसला.

आता तुमचा मूळ प्रश्न. आजचे बहुतेक आघाडीचे खेळाडू सेमी-वेस्टर्न किंवा तिच्या आसपास धरतात. अल्कराझ, सिनर याच घरातले. अ‍ॅगासी आणि नदालही याच घरातले होते. जोकोविच सेमी-वेस्टर्नवरून वेस्टर्नकडे झुकलेला. पोलंडच्या इगा स्वियातेकची मूठ त्याहून जास्त फिरलेली, रशियाच्या कारेन खाचानोव्हची तर पुरतीच, आणि अमेरिकेचा जॅक सॉक फोरहँड मारायचा तेव्हा त्याचं मनगट बघूनच आपलं दुखायला लागायचं. दुसऱ्या टोकाला ईस्टर्नवाले: स्टेफी ग्राफ, पीट सॅम्प्रास, फेडरर, डेल पोट्रो. डेल पोट्रोकडे मुलांचं मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्याची उंची १९८ सेंटिमीटर. इतरांच्या छातीवर येणारा चेंडू त्याच्या कमरेच्या जरासा वर यायचा. त्याला मूठ खाली फिरवायची गरजच काय? २००९ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने याच फोरहँडने फेडररला हरवलं.

आणि या सगळ्यांच्या पलीकडे स्पेनचा अल्बर्टो बेरासातेगी. हा माझा जरा लाडका विषय आहे, चार ओळी सहन करा. त्याची मूठ वेस्टर्नच्याही पुढे गेलेली होती. इतकी, की फोरहँड आणि बॅकहँड तो जाळीच्या एकाच बाजूने मारायचा. रॅकेटची एक बाजू कोरीच राहायची म्हणा ना. पुस्तकात बघाल तर अशी ग्रिप चूक म्हणून छापलेली असते. हा माणूस १९९४ ला फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत पोचला, तिथे त्याच्याच देशाच्या ब्रुगेराकडून हरला. लोक म्हणाले, मातीवर चालतं हो असलं. १९९८ ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, हार्डकोर्टवर, त्याने पॅट्रिक रॅफ्टर आणि आंद्रे अ‍ॅगासी दोघांना लागोपाठच्या फेऱ्यांत घरी पाठवलं. माझ्याकडे कुणी "चुकीची ग्रिप" असा शब्द वापरला की मी हे नाव सांगतो. मात्र त्याच्यासारखं धरायला मी आजवर एकाही मुलाला शिकवलेलं नाही, हेही सांगून टाकतो.

दोन समजुती फार पसरल्या आहेत, त्या आधी काढू. पहिली: ईस्टर्नने फिरकी येत नाही. टेनिसचे अभ्यासक जॉन यांडेल यांनी वेगवान कॅमेऱ्याने मोठ्या खेळाडूंच्या चेंडूंची फिरकी मोजली होती. सॅम्प्रास आणि अ‍ॅगासी दोघेही मिनिटाला साधारण १८०० ते १९०० फेऱ्यांच्या घरात, फेडरर सरासरी २७०० च्या आसपास, नदाल ३२०० च्या. आता बघा, सॅम्प्रास ईस्टर्नवाला आणि अ‍ॅगासी सेमी-वेस्टर्नवाला, तरी दोघांची फिरकी सारखी. फेडरर ईस्टर्नवाला असून अ‍ॅगासीच्या पुष्कळ पुढे. फिरकी येते ती रॅकेट खालून वर किती वेगाने जाते त्यावरून, आणि तारांवरून. ग्रिप वाट सोपी करून देते, चालायचं हातालाच असतं.

दुसरी समजूत: वेस्टर्नवाला गवतावर जिंकू शकत नाही. जॅक सॉकने २०१४ ला पोस्पिसिलबरोबर विम्बल्डनची दुहेरी जिंकली, तीही ब्रायन बंधूंना हरवून. स्वियातेकने २०२५ ला विम्बल्डन जिंकलं आणि अंतिम सामन्यात समोरच्या खेळाडूला एकही गेम दिला नाही. याला एक कारण हिरवळीतच आहे. विम्बल्डनने २००१ पासून गवताची जात बदलून सगळं राय गवत लावलं, जमीन घट्ट झाली, चेंडू पूर्वीपेक्षा वर येऊ लागला. दुसरं कारण पायांत आहे. खालचा चेंडू आला की हे लोक मूठ फिरवत बसत नाहीत, गुडघे एवढे वाकवतात की चेंडूच त्यांच्यासाठी उंच होतो. तुमच्या लेकीचे पाय बघा, मूठ नंतर.

टीव्हीवर ग्रिप ओळखायची असेल तर फटका संपल्यावरचा फोटो बघू नका, तिथे सगळ्यांचीच मूठ भयंकर दिसते. चेंडू जाळीला लागतानाचं चित्र थांबवून बघा. आणि एक खेळाडू म्हणजे एक ग्रिप असंही समजू नका. फेडररची ईस्टर्न ही त्याच्या टॉपस्पिन फोरहँडची ग्रिप. सर्व्हिस, व्हॉली, स्लाइस (चेंडूखालून कापत मारलेला फटका), ताणून काढलेला बचावाचा फोरहँड, हे सगळे कॉन्टिनेंटल. अल्कराझ जोरदार फोरहँडचा आव आणतो आणि ऐन वेळी मूठ फिरवून नेटलगत हलकेच पडणारा ड्रॉप शॉट टाकतो. ते फिरवणं इतकं उशिरा होतं की समोरचा तोवर मागे पळालेला असतो.

हे फिरवण्याचं काम करतो डावा हात. २०१४ ला इंदूर टेनिस क्लबवर भारत आणि चायनीज तैपेई यांची डेव्हिस कपची लढत झाली तेव्हा मी माझ्या सहा-सात मुलांना घेऊन गेलो होतो. त्यांना सांगितलं, चेंडू बघायचा नाही, फक्त खेळाडूचा डावा हात बघायचा. पहिली दहा मिनिटं पोरं वैतागली. मग एकाच्या लक्षात आलं, "सर, उजवा हात तर नुसता ढिला आहे, रॅकेट डावाच फिरवतोय!" रॅकेटच्या गळ्याशी धरलेला डावा हात रॅकेट फिरवतो, उजवी मूठ सैल राहते, आणि चेंडू नेटवर येईपर्यंत ग्रिप बदललेली असते. मुलांना हे न शिकवता ग्रिप शिकवणं म्हणजे गिअर दाखवायचा आणि क्लच सांगायचाच नाही.

आता मनगट. नव्या सरांची भीती खोटी नाही. २००९ साली इटलीतल्या डॉक्टरांनी हौशी टेनिसपटूंच्या मनगटांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेमी-वेस्टर्न आणि वेस्टर्नवाल्यांना दुखणं मुख्यतः करंगळीच्या बाजूला सापडलं, ईस्टर्नवाल्यांना अंगठ्याच्या बाजूला. म्हणजे ईस्टर्न केली की मनगट सुरक्षित, असा अर्थ निघत नाही, दुखण्याची जागा बदलते. मी पाहिलेल्या मुलांत मनगट दुखण्याची कारणं बहुतेक वेळा वेगळी होती: मूठ घट्ट आवळून धरणं, चेंडूला उशिरा भिडणं, लहान हाताला कडक पॉलिएस्टरचं गटिंग, आणि रॅकेट. रॅकेटवर शेवटी येतो.

माझ्यावर बेतलेलं सांगतो. मी शिकलो मातीच्या कोर्टावर, एका मार्करकाकांकडे. पूर्वी क्लबात सभासदांबरोबर खेळायला पगारी माणूस असायचा, त्याला मार्कर म्हणायचे. काकांना इंग्रजी नावं माहीत नव्हती, ते म्हणायचे, "हातोडी धर आणि ठोक." मातीवर सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला असायचा, चेंडू बेताचा उठायचा, हातोडी चालून जायची. सोळाव्या वर्षी बाहेरगावी एका शिबिराला गेलो. अ‍ॅगासीचं पेव फुटलेलं होतं. तिथल्या प्रशिक्षकांनी चार दिवसांत आम्हा सगळ्यांच्या मुठी तळाच्या पैलूवर नेऊन ठेवल्या, एका मापाचे बूट वाटावेत तसं. घरी आलो तो फोरहँड गेलेलाच. जुना येईना, नवा जमेना. कोपर धरलं ते सहा महिने. वर्ष गेलं. काकांनी मग काय केलं, तर रोज थोडी थोडी मूठ परत वर आणत ती चौथ्या पैलूवर थांबवली आणि म्हणाले, "आता इथेच राहू दे." त्यांना सेमी-वेस्टर्न हा शब्द शेवटपर्यंत माहीत नव्हता. मी आजही तिथेच धरतो.

तर तुमच्या मुलीकडे येऊ. टेनिसच्या चेंडूचा नियम असा आहे की २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. साडेचार फूट म्हणजे १३७ सेंटिमीटर. तेवढ्या उंचीवरून नुसता सोडलेला चेंडू तुमच्या लेकीच्या डोक्याला लागायला येतो! त्यात इंदुरात बहुतेक ठिकाणी आता सिमेंटवर रंग दिलेली हार्डकोर्टं, आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. माद्रिदला साडेसहाशे मीटरवर चेंडू उडतो म्हणून मोठे खेळाडू दरवर्षी कुरकुरतात, आपण त्यांच्यापासून फार खाली नाही. समोर एखादा पंधरा वर्षांचा मुलगा टॉपस्पिन मारत असेल तर हिला प्रत्येक चेंडू खांद्यावर किंवा त्याच्याही वर मिळतो. तिने काय करावं? जे शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात लिटल बिलने केलं तेच तिच्या हाताने केलं. लहान चण, सिमेंटचं कोर्ट, उंच चेंडू. तिची मूठ खाली गेली याला मी चूक म्हणत नाही, तिचा हात हुशार आहे म्हणतो. (आमच्या गावाचं आणखी एक वैशिष्ट्य: सी. के. नायडूंच्या या गावात मुलांच्या हातात रॅकेटच्या आधी बॅट येते. त्यांचा पहिला फोरहँड हा पुल शॉट असतो. मुलींचं त्या मानाने बरं असतं.)

त्यामुळे ग्रिपला हात लावण्याआधी चेंडू बदला. हिरव्या ठिपक्याचा चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे पंचवीस टक्के मंद असतो, नारिंगी पन्नास टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला नियमानेच बंदी आहे, ती याच कारणाने. तुमची मुलगी अकराची, म्हणजे नियमाबाहेर, पण सरावात हिरवा चेंडू वापरायला कुणाची आडकाठी नाही. "आता ती मोठी झाली, लहान मुलांचा चेंडू कशाला" असं पालकच म्हणतात. तुम्ही म्हणू नका. चेंडू कमरेशी यायला लागला की कमरेची ग्रिप धरायला हाताला कारण मिळतं.

मग तिची परीक्षा घ्या, सरांना विचारूनच. कुणीतरी हाताने गुडघ्याखाली चेंडू टाकावेत, दहा-पंधरा. ती गुडघे वाकवून ते नेटवरून नेते का? मग तिला नेटजवळ उभी करून व्हॉली खेळवा. मूठ हातोडीवर येते की तव्यानेच चेंडू ढकलते? आणि शेवटी अंगावर येणारा जोरदार चेंडू द्या. वेस्टर्नवाल्या मुलांचा खरा त्रास इथे दिसतो, कारण त्यांना चेंडू बराच पुढे गाठावा लागतो आणि वेळच मिळत नाही. या तिन्हींत ती बऱ्यापैकी निभावत असेल तर जुन्या सरांचं ऐका, मूठ तशीच राहू द्या, वाढत्या उंचीबरोबर ती थोडी आपोआप वर येते. तिन्हींत अडकत असेल आणि सांधा खरंच पाचव्या पैलूवर असेल, तर नव्या सरांचं अर्धं ऐका: मूठ वर आणायची, पण पाचवरून चारवर. तीनवर न्यायचा हट्ट मी धरणार नाही. तिला पुढची दहा वर्षं ज्या मुलींशी खेळायचंय त्या सगळ्या उंच उसळणारा चेंडू मारणार आहेत. ईस्टर्नने तो झेलायला फेडररचे पाय आणि फेडररचं टायमिंग लागतं, आणि ते शिकवणीत मिळत नाही.

बदलायचीच ठरली तर स्पर्धा नसलेले दोन महिने निवडा. आमच्याकडे पावसाळा यासाठी बरा असतो, तसाही निम्मा सराव भिजून जातो. सरांकडून चौथ्या पैलूवर मार्करपेनने एक रेघ ओढून घ्या, वरून ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) चढवली असेल तर तिच्यावर. सुरुवातीला सर्व्हिसच्या चौकटींतच उभं राहून हलके फटके, मग भिंत, मग हाताने टाकलेले चेंडू, आणि सगळ्यात शेवटी रॅली. पहिले तीन आठवडे चेंडू लांब जात राहतील, कारण जाळी आता पूर्वीपेक्षा उघडी येते. घरी "आज किती आत पडले" असं विचारू नका. मूठ घसरून परत पाचवर जाईल, दर दोन-तीन फटक्यांनी रेघ बघायची सवय लावा. आणि मूठ किती घट्ट धरायची? चिमणीचं पिल्लू हातात आहे असं सांगतो मी मुलांना, उडून जाऊ नये आणि चिरडूही नये.

आणि आता ती रॅकेट. तुम्ही ओघात लिहिलंय की ती मावसभावाची आहे. माझा संशय सगळ्यात जास्त तिच्यावर आहे. मोठ्यांची रॅकेट सत्तावीस इंची असते, वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि मूठ जाड. साडेचार फुटांच्या मुलीला ती जड जाते, रॅकेटचं डोकं खाली पडतं, ते सावरायला हात मुठीच्या खालून आधार देतो. तो आधार म्हणजेच तुमच्या सरांना दिसलेली वेस्टर्न असू शकते. तपासायला सोपं आहे. तिला रॅकेट हस्तांदोलनासारखी धरू द्या आणि तिच्या अनामिकेचं टोक व तळवा यांच्या फटीत तिच्याच दुसऱ्या हाताची तर्जनी घालून बघा. बोट जेमतेम बसलं तर माप बरोबर. बोट घालूनही जागा उरत असेल तर मूठ तिच्यासाठी जाड आहे. दुसरं म्हणजे, हात सरळ पुढे ताणून तिला रॅकेट आडवी धरू द्या. वीस सेकंदांच्या आत डोकं खाली यायला लागलं तर रॅकेट जड आहे.

तसं निघालं तर सव्वीस इंची, अडीचशे ग्रॅमच्या आसपासची रॅकेट आणा. भारीतली नको, वर्ष-दीड वर्षात लहान होणार. ती आली की पंधरा दिवस घरात किंवा कोर्टवर कुणीही ग्रिप हा शब्द काढायचा नाही. मग एक दिवस तिला न सांगता बघा, तर्जनीचा सांधा कुठल्या पैलूवर टेकतोय. मावसभावाची रॅकेट परत करू नका मात्र, कपाटात ठेवा, दोन वर्षांनी लागेल.